आपली माणसं, आपल्या घरी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
चिमीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणजे विषय दादाचा आहे, हे तू पाकीट पाहूनच ओळखलं असशील. दादावरून फोनवर भांडायचं नाही, जे काय असेल ते कागदावर, हा नियम तूच घालून दिलास आणि मला तो पटतो. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू त्याची बाजू घेतेस. पत्रात निदान सहीपर्यंत तरी तुला गप्प बसावं लागतं.

आधी आईचं सांगते. तब्येत आहे तशीच आहे, म्हणजे बरी आहे. झटका आल्यापासून डावा हात मांडीवर पडून असतो, पण उजव्या हाताने स्वतःचे केस स्वतः विंचरते आणि भांग वाकडा पाडते. मी सरळ करायला गेले की रागावते. मला कधी ओळखते, कधी आपण अजून कापडाच्या दुकानात नोकरीला आहोत असं समजून मला वरच्या फळीवरचा तागा काढायला लावते. सकाळी ड्रायव्हिंग स्कूलला जाताना मी तिला डे-केअरला सोडते, संध्याकाळी परत आणते. दुपारचं तिथल्या मावशी भरवतात. पाण्यासारखं पातळ काही आता तिच्या घशाखाली नीट उतरत नाही, श्वासनळीत शिरतं, त्यामुळे पाणी, चहा, सूप सगळं पावडर घालून मधाइतकं दाट करायचं, तिला पाठीशी उशा देऊन ताठ बसवायचं, आणि एक घोट गिळला हे पाहिल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. हे सगळं मला त्या मावशींनी शिकवलं. सुरुवातीला मी आईला भरवताना रडायचे आणि त्या मलाच पाणी आणून द्यायच्या.

आता आपले उमेदवार. परवा मैदानावर त्याची पहिली मोठी सभा झाली. मी गेले होते, मागे उभी राहिले. निवडून आलो की पालिकेची सगळी डे-केअर बंद करणार, असं त्याने जाहीर केलं. म्हातारी माणसं ही घराची शोभा आहेत, सरकारी खोलीत रांगेने बसवून ठेवायच्या वस्तू नाहीत, म्हणाला. जे आपल्या आईबापांना सकाळी तिथे टाकून येतात ते हात झटकून मोकळे होतात, म्हणाला. टाकून येतात, हा त्याचा शब्द. आणि जी कुटुंबं म्हाताऱ्यांना घरीच सांभाळतील त्यांना त्याच्या सहीचं सन्मानपत्र मिळणार आहे. धडाधड टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक बाई उभी होती, तिचे सासरे डे-केअरमध्ये आईच्या बाजूच्या खुर्चीत बसतात. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

गेल्याच वर्षी त्याच डे-केअरच्या नव्या खोलीची फीत कापायला हाच आला होता. समाज किती सुधारलेला आहे ते अशा खोल्यांवरून कळतं, असं तेव्हा बोलला होता. दोन्ही वेळा गळा सारखाच दाटून आला होता. इमारत ऐन चौकात आहे, तिथे दुकानं छान चालतील, असं लोक बोलतात. मी त्यात पडत नाही. मला एवढंच कळतं की ते दार बंद झालं तर मी गाडी शिकवायचं सोडून घरी बसायचं, आणि मग मायलेकींनी मिळून सन्मानपत्र चाटायचं.

झटका आल्यापासून तो आईला भेटायला किती वेळा आला हे मला विचारू नकोस, माझं डोकं फिरेल. आणि काल त्याच्या कार्यालयातून फोन, की साहेबांना आईंबरोबर घरी फोटो काढायचा आहे, पोस्टरसाठी, भरवतानाचा. मी नाही म्हटलं. तर तो माणूस म्हणाला की मग मोठ्या ताईंना विचारतो. म्हणून घाईने लिहिते. ताई, तू हो म्हणू नकोस.

भावोजींना नमस्कार. तुझ्या हॉस्टेलच्या मुलींना त्यांच्या रेक्टरबाईंची धाकटी बहीण किती तापट आहे ते सांगू नकोस. लोभ आहेच, हे पत्र वाचल्यावरही राहू दे.

तुझी,
चिमी


ता. ९ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा तुझी बहीण म्हणून आणि एकदा रेक्टर म्हणून. रेक्टरचं मत असं की मुलगी हुशार आहे पण जिभेला लगाम नाही.

अगं, तुझ्या शिकवायच्या गाडीत तुझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो ना, त्याची तुला सवय लागली आहे. गाडी कुणीही चालवत असो, तू आपली दाबायला तयार. दादा निवडणुकीला उभा आहे. सभेत माणूस चार शब्द जास्त बोलतो. उद्या निवडून आला की हीच डे-केअर रंग देऊन पुन्हा उघडेल आणि फीत कापायला तुलाच बोलावेल. भावोजींच्या ऑपरेशनच्या वेळी सगळं सोडून हाच धावत आला होता आणि बाकावर बसून राहिला होता, हे तू विसरलीस तरी मी विसरणार नाही. मनाने तो वाईट नाही. त्याला टाळ्या आवडतात, हे मात्र खरं. लहानपणीही पाहुणे आले की त्याच्या तोंडाला खळ नसायचा.

आता रागावू नकोस. त्याचा मला फोन आला होता. मी त्याला म्हटलं की रविवारी जा, चिमी घरी असेल, तिच्या समोर काय तो फोटो काढ आणि आईला कसं भरवायचं ते आधी तिच्याकडून शीक. म्हणजे मी हो म्हटलं. का म्हटलं, सांगू? फोटोच्या निमित्ताने का होईना, तो आईजवळ तासभर बसेल. तिला मुलगा दिसेल. ओळखलं तर ओळखलं. एवढ्यासाठी एक पोस्टर लागलं तर लागू दे भिंतीवर.

इथे परीक्षा तोंडावर आल्या आहेत. मुली रडतात, मग खातात, मग पुन्हा रडतात. गरम पाण्याचा बंब पुन्हा बिघडला आहे आणि दुरुस्तीवाला माझा फोन उचलत नाही. भावोजी सकाळी फिरायला जातात आणि येताना काहीतरी खाऊन येतात, ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

आईच्या केसांना तेल लाव, भांग वाकडा असला तर असू दे. राग गिळून टाक आणि माया तेवढी राखून ठेव.

तुझी,
ताई


ता. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई रुग्णालयात आहे, हे तुला फोनवर कळवलंच. निमोनिया आहे. औषधं लागू पडत आहेत, डॉक्टरांनी घाबरू नका म्हटलं आहे. बाकीचं फोनवर सांगितलं नाही, कारण नियम.

तो रविवारी आला नाही, शुक्रवारी दुपारी आला, मी रस्त्यावर शिकाऊ मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होते तेव्हा. आधी डे-केअरला गेला. मी मुलगा आहे, आईला घरी नेतो, असं सांगून तिला जेवणाच्या आधीच उठवून घेऊन गेला. मावशींनी त्याला दोनदा बजावलं की त्यांना पातळ काही देऊ नका, तर तो हसून म्हणाला की माझी आई आहे, मला माहीत आहे. बघ म्हणजे. घरी सांभाळायचा फोटो काढायला त्याने तिला कुठून उचललं, तर जे बंद करायचं आहे तिथून. घराची किल्ली शेजारणीकडे असते, ती त्याने मागून घेतली. पुढचं सगळं तिनेच पाहिलं आणि मला सांगितलं.

आईचा प्लास्टिकचा पेला आणि गळ्याखालचं फडकं फोटोत वाईट दिसतं म्हणून त्यांनी आत नेऊन ठेवलं. उशा काढल्या, कारण मागे रेलली की तिच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड छान पडत होता. हॉटेलातून सूप मागवलं होतं, वाफाळतं, पातळ, पांढऱ्या बाऊलमध्ये. दादा चमचा तोंडाशी न्यायचा, फोटोवाला म्हणायचा अजून एकदा, की पुन्हा चमचा. तिला ठसका लागला. ते थांबले. ठसका थांबल्यावर पुन्हा सुरू केलं. शेजारीण दोनदा म्हणाली की बास करा, तर तिला कुणीतरी नम्रपणे बाजूला उभं केलं. मग सगळे पुढच्या सभेला निघून गेले. मी घरी आले तेव्हा आईच्या छातीत घरघर वाजत होती आणि अंग तापलं होतं.

त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला माहीतच नव्हतं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती त्यामुळेच. एकदा, एकदाच जरी त्याने तिला आधी भरवलं असतं तरी त्याला कळलं असतं. रुग्णालयात त्याने फुलांची टोपली पाठवली आहे. स्वतः आला नाही, का तर तो आला की गर्दी होऊन रुग्णांना त्रास होईल.

पोस्टर लागलं. रुग्णालयासमोरच्या बसथांब्यावरही आहे. आपली माणसं, आपल्या घरी, असं वर लिहिलंय आणि खाली तो वाकून आईला भरवतो आहे. फोटो फार सुंदर आला आहे. मला रोज त्याखालून आत जावं लागतं. काल तिथे उभी असलेली एक मुलगी आपल्या आईला म्हणाली की असा मुलगा हवा. मी तशीच आत गेले, कारण बोलायला लागले असते तर बस आल्यावरही थांबले नसते.

तू येतेस म्हणालीस. ये. तू हो म्हटलंस म्हणून मी रागावलेली नाही, तू त्याला रविवारी जा म्हटलं होतंस.

तुझी,
चिमी


ता. २३ मार्च

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

मी आईजवळ चार दिवस राहून कालच हॉस्टेलवर परतले. आई आता डोळे उघडून पाहते, थोडं दाट सूप घेते, परिचारिकेला कापडाचा भाव विचारते. तुला हे कुणी कळवलं नसेल म्हणून कळवते.

आल्या आल्या मुलींच्या जेवणघरात बसले होते. टीव्ही लागला होता, तुझी सभा चालू होती. तुझ्या विरोधात ते निवृत्त मुख्याध्यापक उभे आहेत, ते बोलताना अडखळतात हे मला माहीत होतं. तू त्यांची नक्कल केलीस. शब्द अडल्यासारखं केलंस आणि समोरच्या टेबलावर दोन बोटं आपटलीस, टक टक, आणि मग शब्द सोडलास. लोक हसले. माझ्या मुलीही हसल्या. मी ताट तसंच ठेवून उठले.

बाबू, ते मुख्याध्यापक बोटं आपटत नाहीत. मी त्यांची मुलाखत शोधून पाहिली. बोटं बाबा आपटायचे. शब्द घशात अडकला की घड्याळं दुरुस्त करायच्या त्या टेबलावर दोन बोटं वाजवायचे, आणि आपण तिघं तो शब्द बाहेर येईपर्यंत श्वास धरून बसायचो. तू सगळ्यात पुढे बसायचास. ते तुझ्या हातात उतरलं आहे आणि तू त्यावर लोकांना हसवलंस. तुझ्या बाजूने मी आजवर जे जे बोलले ते मला त्या क्षणी तोंडात कडू लागलं.

आणि मग पुढे तू म्हणालास की तुझी जन्मदाती डे-केअरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यूशी झुंजते आहे. हे तू कुठल्या तोंडाने म्हणालास? तिला तिथून उठवून तूच नेलंस. तिथल्या मावशींनी तुला बजावलं होतं. आज चिमीकडून कळलं की तुझ्या भाषणानंतर पालिकेने त्या मावशींना कामावरून दूर केलं आणि चौकशी होईपर्यंत डे-केअरला टाळं लावलं. ज्या बाईने तुझ्या आईच्या तोंडात दोन वर्षं घास घातला, तिच्या तोंडचा घास तू काढून घेतलास.

तू मतं मागू नकोस असं मी म्हणत नाही. एकच कर. उद्याच्या उद्या जाहीर सांग की त्या मावशींची काही चूक नाही, आईला मी घेऊन गेलो होतो. दोन वाक्यं आहेत. यातलं एकही अडखळण्यासारखं नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ होता, तो आहे की नाही हे तुझ्या उत्तरावर.

ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस,
बाबूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीत वाचलं आणि डोळे भरून आले. रोज दहा ठिकाणी बोलायचं, दोन तास झोपायचं, आणि त्यात घरातूनच असं ऐकायला मिळावं. पण तू मोठी आहेस, तुझा अधिकार आहे, मी मनाला लावून घेत नाही.

आईची काळजी मला नाही असं तुला वाटतं? रोज फोन करून विचारणारा माझा माणूस आहे, त्याला विचार. त्या दिवशी मी तिला स्वतःच्या हाताने भरवलं, किती वर्षांनी, आणि तो माझ्या आयुष्यातला फार मोलाचा क्षण होता. त्यानंतर काय झालं ते डॉक्टरही नक्की सांगू शकत नाहीत. निमोनिया कुठूनही होतो. मी सभेत डे-केअर म्हणालो, ते भाषणाच्या ओघात गेलं. एकदा तोंडातून गेल्यावर माझ्या लोकांनी ते उचललं, पत्रकं छापली. आता मागे घेतलं तर विरोधक माझ्या चिंध्या करतील. नकलेचं म्हणशील तर लोकांना थोडं हसू लागतं. बाबा असते तर तेही हसले असते.

मावशींचं तात्पुरतं आहे. मतदान होऊ दे, मी स्वतः त्यांना याहून चांगल्या जागी लावून देतो. हा माझा शब्द. तोपर्यंत तुम्ही दोघींनी जरा कळ काढा. चिमीला समजाव, ती कुठे काही बोलून बसेल. तुझं ती ऐकते.

शेवटच्या सभेला तू यावंस अशी फार इच्छा आहे. मंचावर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. डॉक्टरांनी परवानगी दिली तर आईलाही थोडा वेळ आणता येईल. तिला पाहून लोकांना आधार वाटेल.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझाच,
बाबू


ता. ३० मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

दादाचं पत्र सोबत जोडलं आहे. कुणाला दाखवू नकोस असं त्याने लिहिलं आहे म्हणून लगेच पाठवते.

मला वाटलं होतं की मी बोलले तर तो ऐकेल. आईची तब्येत कशी आहे हे साधं विचारलेलं नाही त्याने, पाहिलंस? आणि बाबा हसले असते म्हणतो. बाबांनी आयुष्यात लोकांसमोर तोंड उघडलं नाही ते या हसण्याच्या भीतीने.

तुला मी आजवर शांत राहा असंच सांगत आले. आता सांगत नाही. तू लिहितेस की आई घरी आली, डे-केअर बंद, तू रजेवर, आणि तुझ्यासारखीच बाकीची घरंही हवालदिल आहेत. मग मला एक सुचलं आहे. त्याच्या प्रचार कार्यालयाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत वाचलं होतं, की हे आपलंच घर आहे, केव्हाही या. आपली माणसं आपल्या घरी ठेवा म्हणतो ना, मग ठेवू या. सगळ्या घरांशी बोल. मावशींनाही ने. आवाज चढवायचा नाही, घोषणा नाहीत, पोस्टर फाडायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं करायचं नाही, आत खुर्च्यांवर बसवायचं. पाणी आणि औषधं बरोबर घ्यायची. चाळीस मुली सांभाळणारी बाई आहे मी, माझं ऐक.

मला परीक्षेमुळे निघता येत नाही याचं वाईट वाटतं. आईच्या पायात मोजे घालून ने. आशीर्वाद नेहमीचे आहेत, या वेळी जरा जास्त.

तुझी,
ताई


ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेक्टरबाई, हुकूम पाळला.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी सगळ्या गाड्या दिल्या, त्यांचेही वडील डे-केअरमध्येच असतात. डोक्यावर शिकाऊ अशा पाट्या असलेल्या गाड्यांची ती मिरवणूक तू पाहायला हवी होतीस. एका गाडीत दोन दोन आजीआजोबा, मांडीवर औषधांच्या पिशव्या. आम्ही कार्यालयासमोर थांबलो तर आतल्या पोरांना वाटलं की ज्येष्ठ नागरिक पाठिंबा द्यायला आलेत. त्यांनी पळत येऊन हात धरधरून सगळ्यांना आत बसवलं, टोप्या दिल्या, झेंडे दिले. एका आजोबांनी टोपी गुडघ्यावर घातली, तिथे त्यांना गार लागत होतं. सगळे नीट बसल्यावर मी प्रमुखाला सांगितलं की आता आम्ही कामाला जातो, संध्याकाळी न्यायला येऊ. त्याचा चेहरा पाहून एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

आम्ही गेलो नाही अर्थात. मावशी कोपऱ्यातल्या चहाच्या ओट्याशी उभ्या राहून एकेकाचा चहा पावडर घालून दाट करत होत्या. कामावरून काढलेली बाई, पण कुणाला साखर नको आणि कुणाच्या कवळीखाली जखम आहे, सगळं विचारून करत होत्या. वर भिंतभर तेच पोस्टर. एका आजींना शौचाला न्यायचं होतं, ते कुणी न्यायचं यावरून कार्यालयात बरीच चर्चा झाली. शेवटी मीच नेलं.

तासाभरात दादा आला. आधी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, आवाज तोच, दाटलेला. मग मला बाजूला घेऊन दात आवळून म्हणाला की तू माझा तमाशा करायला आली आहेस. मी म्हटलं, आईच्या जेवणाची वेळ झाली आहे, एवढंच. सूप तयार आहे, मावशी शिकवतात, तू भरव. ताई, खरं सांगते, मी मनापासून म्हटलं. त्याने बाऊल हातात घेऊन आईसमोर बसायचं, एक घोट, ती गिळते का ते पाहायचं, मग दुसरा. त्याने तेवढं केलं असतं तर मी सगळं विसरले असते. मी तेवढी मूर्ख आहे.

त्याने चमचा घेतला. आणि चमचा उचलायच्या आधी त्याने मान वर करून कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं. त्याला ते कळलंही नाही. त्याच्या माणसांनी मोबाइल वर केले, तसा तो वाकला, अगदी पोस्टरमधल्यासारखा. आईने तोंड घट्ट मिटून घेतलं. चमचा ओठांना लागून दाट सूप हनुवटीवरून खाली आलं, तिने मान फिरवली. तो हसून सगळ्यांना म्हणाला की आई आज रुसली आहे. मावशींनी त्याच्या हातून बाऊल घेतला, तिच्या पाठीशी उशी सारली, आणि तिने आ केला.

मग मावशींनी विचारलं. भांडल्या नाहीत, हात पुसत विचारलं, की साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं ना, पातळ देऊ नका म्हणून. तो म्हणाला की मावशी, मतदान होऊ द्या, मी तुमचं सगळं बघतो. त्यांनी पुन्हा विचारलं की सांगितलं होतं की नाही, तेवढं बोला. तो घड्याळ पाहत म्हणाला की सभेला उशीर होतो आहे, आणि मागच्या दाराने निघून गेला.

मी चौकशी अधिकाऱ्याला सगळं लिहून द्यायचं ठरवलं आहे. शेजारीण सही करते म्हणाली. पण त्याच्या सख्ख्या बहिणीचं निवेदन म्हटल्यावर तो म्हणेल की धाकटीला पहिल्यापासून माझा हेवा आहे. तू त्याच्या बाजूची आहेस हे साऱ्या जगाला माहीत आहे. म्हणून तुझी सही मला हवी आहे. नको वाटलं तर तसं लिही, मी रागावणार नाही. रागावेन, पण सांगणार नाही.

आई आत्ता झोपली आहे, श्वास स्वच्छ आहे. लोभ राहू दे, मला तो लागतो.

तुझी,
चिमी


ता. ७ एप्रिल

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी मी आणि चिमीने चौकशी अधिकाऱ्यांकडे निवेदन दिलं. नुसती सही पाठवायची नव्हती म्हणून मी परीक्षा चालू असताना रजा टाकून आले. आईला डे-केअरमधून कुणी नेलं, मावशींनी काय बजावलं, घरी काय भरवलं, आणि तुझं २७ तारखेचं पत्र, सगळं दिलं आहे. बाहेर वार्ताहर होते, उद्या वर्तमानपत्रात येईल. तुला तिथून कळू नये म्हणून आधी कळवते, एवढी माणुसकी आपल्या घरात अजून आहे.

बाहेर आल्यावर मावशींनी माझा हात धरला आणि मला म्हणाल्या की तुम्हाला फार जड गेलं असेल. मला जड गेलं याची काळजी त्या करत होत्या, बाबू. तू एवढ्या सभा घेतल्यास, त्यात एकदाही तुला त्यांचं साधं नाव घेता आलं नाही.

शेवटच्या सभेला मी येणार नाही. पहिल्या रांगेतली खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. आईलाही आणणार नाही, ती आता कुणाला आधार वाटावा म्हणून कुठेही जाणार नाही.

माझं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे, आणि मत मी त्या मुख्याध्यापकांना देणार आहे. तू हरावंस असं मला वाटतं. तू चालायला लागलास तेव्हा माझं बोट धरून लागलास, आणि तुझ्याबद्दल हे लिहिताना मी आधीचे दोन कागद फाडून टाकले. पण तू जिंकलास तर त्या दोन बोटांवर आणखी किती लोक हसतील आणि आणखी किती दारांना टाळी लागतील याची मला भीती वाटते.

आईने तोंड मिटलं ते तुझ्यावरच्या रागाने नाही. तिला तेवढं उरलेलं नाही. चमचा चुकीच्या बाजूने आला की ती तोंड मिटते, कुणाचाही असो. डावीकडून न्यायचा नाही, उजवीकडून न्यायचा, आणि ती गिळेपर्यंत तिच्याकडेच पाहायचं, दुसरीकडे कुठेही नाही. शिकायला फार वेळ लागत नाही, पण वेळ लागतो.

हरलास तर सरळ घरी ये. तुला सवड असेल, आणि आईला दुपारचं भरवायला माणूस हवंच आहे.

तुझी,
ताई